भावाला आलेले ५४ आणि बाकीचे आकडे

काका, नमस्कार.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर आहेत, मी अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. धाकटा भाऊ साडेअठरा वर्षांचा, बारावी सायन्स झालाय. गाव साताऱ्याकडचं, त्यामुळे घरात फौजेच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या. त्याला दुसरं काही करायचंच नाही.

वर्षभरात त्याने चार ठिकाणी नशीब आजमावलं. क्लासमध्ये अग्निवीरची, म्हणजे चार वर्षांच्या सैनिकभरतीची, सराव परीक्षा झाली, घरी येऊन म्हणाला ६६ आले, कागदावर ५९.५ निघाले. एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, लेखी पास झाला, पण गुण कुठेच दिसत नाहीत. एका क्लासच्या उत्तरतालिकेने ३७१ होतात, दुसऱ्याच्या ३३९. मग भोपाळहून एसएसबीचं, म्हणजे फौजेसाठी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचं, बोलावणं आलं, तिथून पहिल्याच दिवशी परत पाठवलं. येताना गाडीत भेटलेला मुलगा म्हणाला, 'तुझा ओआयआर, म्हणजे बुद्धिमापनाची श्रेणी, तीन आला असणार, तीनवाल्याला घेत नाहीत.' आणि आता मोबाइलवर कुठलीशी इंग्रजीतली मिलिटरी अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट दिली, त्यात ५४ आले. तेव्हापासून गप्प आहे. पहाटे पळायला जायचा, तेही सोडलंय.

बाबा म्हणतात, ५४ म्हणजे काठावर पास, हे फौजेचं डोकं नव्हे, आयटीआयला घाला. एका क्लासने एसएसबीच्या बॅचचे ८५ हजार सांगितलेत, सिलेक्शनची गॅरंटी देऊन. माझ्याकडे साठवलेले तेवढे आहेत. देऊ का? आणि एवढ्या आकड्यांवरून त्याचं डोकं नक्की कसं आहे म्हणायचं?

— एक बहीण, विक्रोळी

*

ताई, ते ८५ हजार देऊ नकोस. कारण पुढे येईलच, पण हे आधी सांगून टाकतो, नाहीतर उत्तर शेवटपर्यंत वाचायच्या आत तू पैसे भरून मोकळी व्हायचीस.

आता ५४. भावाला सगळ्यात जास्त लागलाय तो हा आकडा, आणि चारांमध्ये सगळ्यात बिनकामाचाही हाच आहे. मोबाइलवर 'मिलिटरी अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट' असं शोधलं की समोर येतं ते बहुतेक वेळा अमेरिकेचं. तिथे फौजेत शिपाई म्हणून भरती व्हायचं तर एएसव्हीएबी नावाची परीक्षा द्यावी लागते. त्याच्या फोनवर नाव तपासून बघ. इंग्रजी शब्दांचे अर्थ, उताऱ्यावरचे प्रश्न, शाब्दिक गणितं आणि मध्येच गाडीचं इंजिन नाहीतर वर्कशॉपमधली हत्यारं असं काहीबाही विचारलं असेल, तर तीच ती. त्या भरतीसाठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. कन्नमवार नगरातल्या मुलाला तिचा उपयोग शून्य.

पण आकडा आलाच आहे तर त्याचा अर्थही समजून घेऊ, कारण बाबांची गल्लत नेमकी इथे होतेय. त्या परीक्षेतल्या चार भागांवरून, म्हणजे दोन गणिताचे आणि दोन इंग्रजीचे, १ ते ९९ मधला एक आकडा काढतात. तो पर्सेंटाइल असतो. भावाने सीईटी दिली असेल तर त्याला हे माहीत आहे, तिचा निकालही तसाच लागतो. ५४ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ५४ गुण मिळाले असं नाही; तुलनेला घेतलेल्या मुलांपैकी ५४ टक्के मुलं त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढंच. आणि तुलनेला कोण? १९९७ मध्ये अमेरिकेतल्या १८ ते २३ वयाच्या तरुण-तरुणींचा एक नमुना घेतला होता, तो. तिकडच्या भूदलात बारावीएवढं शिक्षण झालेल्याला साधारण ३१ ला दार उघडतं. म्हणजे तिकडचा मुलगा ५४ घेऊन घरी आला असता तर कुणी तोंड पाडलं नसतं. अर्थात फुकटच्या अ‍ॅपने दाखवलेला आकडा खरा पर्सेंटाइल असण्याची शक्यता कमीच. बरोबर आलेल्या उत्तरांची टक्केवारी काढून ती मोठ्या अक्षरात दाखवली असेल. दोन्हीपैकी काहीही असलं तरी भावाच्या भरतीशी त्याचा संबंध नाही. अ‍ॅप काढून टाक.

इथे जरा आडवाटेला जातो. फौजेत माणसं घेताना शेकड्याने अशी लेखी चाचणी लावायची पद्धत अमेरिकेनेच पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, मोठ्या प्रमाणावर सुरू केली. वाचता येणाऱ्यांना एक पेपर, न येणाऱ्यांना चित्रांचा दुसरा. सतरा लाखांच्या आसपास माणसं त्यातून गेली. चित्रांच्या पेपरात एक प्रकार असा होता की चित्रात काय राहून गेलंय ते पेन्सिलने काढून दाखवायचं. त्यातलं एक चित्र टेनिस कोर्टाचं होतं, मधली जाळी गायब. नुकताच बोटीतून उतरलेला, युरोपातल्या कुठल्यातरी खेड्यातला शेतकरी, ज्याने जन्मात टेनिस बघितलं नाही, तो काय काढणार? आणि त्याला जाळी काढता आली नाही म्हणून तो मंदबुद्धी ठरला. पुढे या चाचण्यांवर भरपूर टीका झाली आणि त्या सुधारल्याही. मी हे सांगतोय ते एवढ्यासाठी की आकडा शेवटी प्रश्न कोणी काढले, कोणासाठी काढले आणि शेजारी कोणाला बसवलं यावर ठरतो. 'डोकं कसं आहे' हा तुझा प्रश्न कुठल्याच भरतीची परीक्षा विचारत नाही. तिला एवढंच हवं असतं की इतक्या जागा आहेत, इतके अर्ज आलेत, त्यातले कोण आत घ्यायचे. भावाचा प्रत्येक आकडा हा अशा एखाद्या रांगेतली जागा आहे. रांग बदलली की जागा बदलते.

आता कामाच्या आकड्याकडे येऊ, ५९.५ कडे. हा खरा उपयोगाचा.

अग्निवीर जनरल ड्युटीच्या, म्हणजे साध्या सैनिकाच्या पदाच्या, लेखी परीक्षेत, जिला सगळे सीईई म्हणतात, ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ एक तास. सामान्य ज्ञान, विज्ञान आणि गणित यांचे पंधरा-पंधरा आणि तर्कबुद्धीचे पाच. चुकलेल्या उत्तराला पाव हिस्सा, म्हणजे अर्धा गुण कापतात. भाऊ ६६ म्हणाला आणि कागदावर ५९.५ आले, तर गणित सरळ आहे: त्याने ४६ प्रश्न सोडवले, ३३ बरोबर, १३ चूक. तेहतीस दुणे सहासष्ट, वजा साडेसहा. तो खोटं बोलत नव्हता, त्याने वजाबाकी केली नव्हती. परीक्षेला बसणारी निम्मी पोरं घरी येऊन असाच हिशोब सांगतात.

पात्र ठरायला ३५ लागतात, म्हणून ५९.५ बरे दिसतात. पण पात्र होणं आणि यादीत नाव येणं यांत फार अंतर आहे. ३५ ही उंबरठ्याची रेष आहे. मैदानी चाचणीला कितीजणांना बोलवायचं हे त्या त्या भरती कार्यालयाकडच्या जागांवर ठरतं, आणि निकालही भरती कार्यालयागणिक लागतो. मुंबईच्या यादीत आणि कोल्हापूरच्या यादीत शेवटचं नाव एकाच गुणांवर थांबेल असं धरून चालू नका. त्यामुळे 'किती आले की होतं' या प्रश्नाला देशभर लागू पडेल असं उत्तर नाही, आणि जो क्लास छातीठोकपणे एकच आकडा सांगतो तो अंदाजच सांगत असतो.

शिवाय खऱ्या परीक्षेत आणखी एक गोष्ट मध्ये येते. सीईई बऱ्याच दिवसांत, बऱ्याच पाळ्यांत होते. सगळ्यांना एकच पेपर नसतो. समजा सकाळच्या पाळीचा पेपर अवघड निघाला आणि दुपारचा सोपा, तर सकाळच्या मुलाचे ५८ आणि दुपारच्या मुलाचे ५८ एकाच तागडीत घालता येत नाहीत. म्हणून सूत्र लावून ते समपातळीवर आणतात, नॉर्मलायझेशन म्हणतात ते हेच. त्यात सकाळच्याचे थोडे वाढू शकतात, दुपारच्याचे घटू शकतात. दरवर्षी कोणीतरी उत्तरं जुळवून ६१ मोजतो आणि नाव नाही आलं की घोटाळा म्हणून ओरडतो. घोटाळे होत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण बहुतेक वेळा कारण हेच असतं.

त्या १३ चुकांकडे मात्र नीट बघ. पेपर आणि कच्च्या कामाचा कागद समोर घेऊन बसा, रविवारी, बाबांची ड्युटी असेल तेव्हा. प्रत्येक चुकीपुढे त्याने स्वतः लिहायचं: येतच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, की अंधारात तीर मारला. एका मुलाचा असा कागद मी बघितलाय. गणिताचं उत्तर कच्च्या कामात ४८ काढलेलं, गोल भरताना ८४ चा भरलेला. रेल्वेचा वेग काढायच्या उदाहरणात मिनिटांचे तास करायचे राहिलेले. त्याला पोरगा 'माझं गणित कच्चं आहे' म्हणत होता. गणित चांगलं होतं, शेवटची दहा मिनिटं कच्ची होती. अशा दोन चुका सुधारल्या की पाच गुण वाढतात, कारण प्रत्येक चुकीमागे दोन मिळायचे ते जातात आणि वर अर्धा कापला जातो.

अंधारातल्या तीरांबद्दल क्लासवाले दोन टोकांची मतं देतात. कोणी म्हणतं एकही सोडू नका, कोणी म्हणतं खात्री नसेल तर हात लावू नका. हिशोब करून बघ. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तर सीईईत चार वेळांत एकदा २ मिळतात आणि तीनदा अर्धा जातो, म्हणजे चार प्रश्नांत अर्ध्या गुणाचा फायदा. फायदा आहे, पण चिमूटभर, आणि नशीब रुसलं तर तोही नाही. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळत असेल तर मात्र उत्तर द्यावंच. तीन प्रश्नांत एक गुण पदरात पडतो. एनडीएत हिशोब वेगळा आहे. तिथे चुकीला एक तृतीयांश कापतात: गणितात अडीच गुणांमागे ०.८३, सामान्य क्षमतेच्या पेपरात चारामागे १.३३. डोळे मिटून मारलेल्या तिरांची बेरीज तिथे शून्यावर येते. एका परीक्षेची सवय दुसरीत नेली की फटका बसतो तो असा.

आणि पळणं सोडलंय, त्याची मला ५४ पेक्षा जास्त काळजी वाटते. जनरल ड्युटीला मैदानालाही १०० गुण आहेत: १६०० मीटरला सर्वांत वरच्या गटात ६०, पुलअप्सना ४०. दहा पुलअप्स मारले तर पूर्ण ४०, सहाच मारले तर १६. मधल्या चार पुलअप्समध्ये २४ गुण आहेत, आणि लेखीत २४ गुण म्हणजे बारा प्रश्न. सामान्य ज्ञानाचे बारा प्रश्न हमखास वाढवायला किती महिने जातात ते त्याला विचार. पुलअप्सना रोजचा बार आणि थोडी चिकाटी लागते. बारला पैसे पडत नाहीत, मैदानात असतोच.

एनडीएकडे येऊ. तुला वाटतंय गुण लपवून ठेवलेत. तसं नाही. केंद्रीय लोकसेवा आयोग लेखीचा निकाल लावतो तेव्हा फक्त पास झालेल्यांचे क्रमांक देतो. गुणपत्रिका संकेतस्थळावर येते ती एसएसबी वगैरे सगळं उरकून अंतिम निकाल लागला की त्यानंतर पंधरा दिवसांत. तोवर थांबायचं. ३७१ आणि ३३९ यांत ३२ गुणांचा फरक बघून घाबरू नकोस. सामान्य क्षमतेच्या पेपरात एक उत्तर बरोबरचं चूक ठरलं की चार जातात आणि वर १.३३ कापतात, मिळून ५.३३. सहा प्रश्नांवर दोन क्लासच्या मास्तरांचं पटलं नाही की ३२ गुण झाले.

बाबांना मात्र दुसरी गोष्ट सांग. एनडीएची लेखी ९०० गुणांची, ३०० गणिताला आणि ६०० सामान्य क्षमतेला. गेल्या काही वर्षांत लेखीची शेवटची रेष साधारण २९० ते ३६० यांच्या मध्ये कुठेतरी राहिलीय, शिवाय प्रत्येक पेपरात ठरलेले किमान गुण हवेत. म्हणजे शंभरात पस्तीस-चाळीस मिळवणारा मुलगा देशभरातल्या लाखो मुलांमधून वर येतो. शाळेच्या हिशोबाने हे काठावर पास. तिथे तो निवडक काही हजारांतला. एसएसबीचेही ९०० धरून १८०० पैकी अंतिम यादी गेल्या काही वर्षांत साधारण सव्वासहाशे ते सव्वासातशेच्या टप्प्यात थांबलीय. बाबांनी आयुष्यभर पस्तीसला पास आणि साठला फर्स्ट क्लास बघितलाय, त्यांना ३३९ ऐकून काय वाटणार! त्यांच्याशी भांडू नकोस, आयोगाच्या संकेतस्थळावरचा जुन्या कटऑफचा कागद मोबाइलवर उघडून हातात दे. कंडक्टर माणूस आहे, आकडे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतात.

राहता राहिलं भोपाळ. गाडीत भेटलेल्या मुलाला भावाचा ओआयआर कळला कुठून? तो उमेदवाराला सांगितला जात नाही, बरोबरच्याला तर नाहीच. पहिल्या दिवशी होतं काय की आधी बुद्धिमापनाचे दोन पेपर असतात, एक शब्दांचा, एक आकृत्यांचा, वेळ अगदी तुटपुंजा. त्यावरून १ ते ५ अशी श्रेणी ठरते, १ सगळ्यात वरची. मग एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, गटासमोर मिनिटभरात सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. दोन्ही मिळून निर्णय होतो. त्यामुळे श्रेणी चांगली असूनही गोष्टीत मागे पडलेली मुलं परत येतात, आणि उलटही होतं. 'तीन आला म्हणून काढलं' ही रेल्वेच्या डब्यातली बातमी आहे, भोपाळ ते कल्याण प्रवासात ती पक्की होते.

मला विचारशील तर भावाला एवढंच विचार: गटात बोलायची वेळ आली तेव्हा काय झालं? आपल्याकडची मराठी माध्यमातली मुलं गोष्ट छान लिहितात आणि सांगताना अडखळतात, किंवा आठ-दहाजण एकदम ओरडायला लागले की सभ्यपणे गप्प बसतात. तसं झालं असेल तर त्याला बुद्धीचा आकडा म्हणू नका. ती सवय आहे, आणि बोलूनच सुटते. एसएसबी पुन्हा देता येते, वयात बसेपर्यंत. अपवाद एकच लक्षात ठेव: पुढेमागे हवाई दलात वैमानिक व्हायचं मनात आलं तर त्यांची संगणकावरची वैमानिक निवड चाचणी, सीपीएसएस, जन्मात एकदाच देता येते. त्यात नापास झाला की विमान उडवायची शाखा कायमची बंद. ती सहज बघू म्हणून द्यायची नाही.

आता ८५ हजार. एसएसबीत मानसशास्त्रज्ञ, मैदानावरच्या कसोट्या घेणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे मुलाला वेगवेगळं जोखतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसून ठरवतात. आपल्याकडे १९४३ पासून, डेहराडूनला पहिलं प्रायोगिक मंडळ बसलं तेव्हापासून, पद्धतीचा गाभा हाच आहे. या तिघांच्या वतीने विक्रोळीतला नाहीतर दादरमधला क्लास गॅरंटी कशी देणार? असे क्लास पाठ केलेल्या गोष्टी आणि पाठ केलेला आत्मविश्वास देतात. पन्नास मुलांनी एकाच चित्रावर गावात पूर आला आणि नायकाने सगळ्यांना वाचवलं अशी गोष्ट लिहिली की समोरच्याला कोणत्या क्लासचा माल आहे तेही ओळखू येत असेल. चांगलं शिकवणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण चांगला माणूस गॅरंटी देत नाही, हे ओळखायला सोपं आहे.

आणि हेच प्रशिक्षण सरकार फुकट देतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. महाराष्ट्राच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. एनडीएची किंवा सीडीएसची, म्हणजे पदवीनंतरच्या अधिकारी भरतीची, लेखी पास होऊन एसएसबीचं बोलावणं आलेल्यांना तिथे थोड्या दिवसांच्या तयारीसाठी घेतात. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं विनाशुल्क. अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, तुम्हाला मुंबई उपनगरचं लागेल. बोलावणं हातात असायला हवं, म्हणून सध्याच्या निकालावर नाही, पुढची लेखी पास झाला की लगेच. एनडीए वर्षातून दोनदा होते आणि वयाची अट साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. जाहिरातीतल्या जन्मतारखा त्याच्या दाखल्याशी आजच ताडून बघ, त्याच्याकडे एखादीच संधी उरली असेल.

सीईईसाठी मात्र अजून वेळ आहे. ती आता मराठीतूनही देता येते, फॉर्म भरताना भाषा विचार करून निवडा. सायन्स मराठीतून शिकला असेल तर मराठी, ज्युनियर कॉलेजात इंग्रजी सवयीचं झालं असेल तर तेच. 'त्वरण' म्हणजे काय हे परीक्षेत आठवत बसायला वेळ नसतो. भरतीच्या टप्प्यात अनुकूलता चाचणी असते, तिचे गुण यादीत धरत नाहीत, पात्र किंवा अपात्र एवढंच ठरतं. तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर हसून निघून या. आणि अग्निवीर म्हणजे चार वर्षं, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, हे घरात सगळ्यांनी नीट समजून मग ठरवा. एनडीए हुकली म्हणून रागात भरलेला फॉर्म नको.

बाबांचं आयटीआयचं म्हणणं इतकं उडवून लावण्यासारखं नाही बरं का. अग्निवीर टेक्निकलला आयटीआय झालेल्यांना जादा गुण मिळतात. त्यांनी ते माघार म्हणून सुचवलंय, पण फौजेकडे जायचा तो एक रस्ताही आहे. दुसरा रस्ता पदवीचा. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळालं आणि पदवीला ५० टक्के असले तर एनसीसी विशेष प्रवेशात सीडीएसची लेखी न देता थेट एसएसबीला जाता येतं. म्हणून तो बीएस्सीला जाणार असेल तर प्रवेश घ्यायच्या आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारा, एनसीसीचं युनिट आहे का आणि त्यांची निवड कधी असते. ती वर्षाच्या सुरुवातीलाच होते आणि निवडीच्या दिवशी मुलांना पळवून बघतात, तेव्हा तोवर त्याचे सकाळचे बूट कपाटाबाहेर आलेले बरे.